‘युसर्प’ला मराठीत काय म्हणायचं?

मराठवाड्याच्या १९४७-४८ वर काम करायचं ठरलं की इंग्रजीत लिहिताना ‘युसर्प’ हे क्रियापद हाताशी येतंच. कोशात ‘बळकावणे’ असा अर्थ सापडतो आणि आपण पुढं सरकतो. इथं जरा थांबा. ‘ताबा घेणे’, ‘कब्जा करणे’ यात हक्क कुणाचा होता ते सांगितलेलं नसतं. ‘युसर्प’मध्ये निकाल आधीच लागलेला असतो: घेणाऱ्याला हक्क नव्हता. शिवाय घेतलेली वस्तू बहुधा गादी, सत्ता, अधिकार अशी असते. सायकल कुणी युसर्प करत नाही! (लॅटिन मुळाला नुसतं ‘वापरात आणणे’ असाही अर्थ होता, दोष नंतर चिकटला.)

आता हैदराबाद संस्थान घ्या. परभणी जिल्हा, म्हणजे जिंतूर तालुक्यातलं बोरीही, त्यातच होतं. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस कासिम रझवीच्या समर्थकांनी पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन यांची घरं वेढली. छत्तारींनी राजीनामा दिला, मीर लायक अली पंतप्रधान झाले. पुढं ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम नमला. २३ ला निजाम रेडिओवर काय म्हणाला? रझवीच्या टोळीनं हिटलरी पद्धतीनं राज्य ताब्यात घेतलं होतं!

म्हणजे महिन्याभरात आरोपी बदलला. दोन्ही कागद अस्सल आहेत. पण त्या भाषणावर मी तरी पूर्ण विसंबणार नाही. स्वतंत्र राहण्याचं फर्मान निजामाने जून १९४७ मध्येच काढलं होतं, घरं वेढली जाण्याच्या चार महिने आधी. तेव्हा ‘रझवीने सत्ता बळकावली’ हे वाक्य प्रबंधात टाकायचंच असेल, तर ते निजामाच्या तोंडी, तारखेसह टाका.

मुलाखतीतही हेच. बोरीतल्या नव्वदीच्या आजोबांना ‘सत्ता कुणी बळकावली?’ असं विचारलंत, तर अर्धं उत्तर तुम्हीच भरलंत. ‘पोलीस ॲक्शनच्या आधी इथं कुणाचं चालायचं?’ असं विचारा आणि गप्प बसा.