वारकरी आणि पाणकोंबडी

बीड जिल्हा म्हटला की दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. पाणथळीतले पक्षी सहसा कुणाला आठवत नाहीत. पण हिवाळ्यात माजलगावच्या जलाशयाकाठी थोडा वेळ उभे राहावे. पाण्यावर काळे पक्षी दिसतील, कपाळावर पांढरा टिळा असलेले. मराठीत त्यांना वारकरी म्हणतात. पालख्यांच्या वाटेवरच्या या जिल्ह्यात हे नाव शोभून दिसते. त्यांची भावकी म्हणजे पाणकोंबडी. तिचे कपाळ लाल, चोचीचे टोक पिवळे आणि कुशीवर पांढरी रेघ.

स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली या दोघांना एकाच प्रजातीत बसवले होते. फ्रान्सच्या ब्रिसाँने १७६० मध्ये पाणकोंबडीचे घर वेगळे मांडले. खरा भेद पायांत आहे. वारकऱ्याच्या बोटांना झालरीसारखे पडदे असतात. तो उघड्या पाण्यात पोहतो, बुड्या मारतो. पाणकोंबडीची बोटे लांब, सडसडीत. ती पाणवनस्पतींवरून चालते आणि चाहूल लागताच लव्हाळ्यात शिरते. एकाला पाणी हवे, दुसरीला काठ.

सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बीड निजामाच्याच राज्यात होते. गोदावरीवरचे मोठे धरण आधी याच जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ योजले होते. ते झाले पैठणला, १९७६ मध्ये उद्‌घाटनही झाले. नाव मात्र बीडच्या गावाचे राहिले. सिंदफणेवरचे माजलगाव धरण हा त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा. धरणांनी वारकऱ्याला पूर्वी नव्हते एवढे विस्तीर्ण पाणी दिले.

पाणकोंबडीचे गणित निराळे. उन्हाळ्यात पाणी ओसरते, उघड्या गाळावर पेरणी होते आणि लव्हाळे निघून जाते. २०१६ मध्ये केज तालुक्यातील मांजरा धरण कोरडे पडले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी पक्षी दुसरीकडे जातात. पुढे धरण भरले की वारकऱ्याचे काम भागते. पाणकोंबडीला मात्र आडोसा लागतो, आणि तो पाण्याबरोबर लगेच परत येत नाही.

गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. दुष्काळात हाती आलेली ओल तो कशी सोडेल? पण धरणात पाणी किती, हे आपण दर आठवड्याला विचारतो. काठाचा एखादा तुकडा न नांगरता राहिला आहे का, हेही कधी विचारावे.