‘बरे झाले’चा रकाना

स्मरणिका समितीने मला आपल्या पंचवीस वर्षांपैकी ‘ती दोन वर्षे’ लिहायला सांगितली. त्यासाठी सभांची इतिवृत्ते, परिपत्रकांची फाइल आणि ग्रुपवरचे जुने मेसेज पुन्हा चाळले. आपण सभासदच काय, अख्खा महाराष्ट्र तेव्हा तावातावाने भांडत होता. एका बाजूला मरणाची भीती, दुसऱ्या बाजूला पोटाची. आजार संपला तरी आजारीच राहिलेल्या माणसांचा विषय मात्र फार थोड्या तोंडी होता.

राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईहून आलेले जोडपे. त्याच आठवड्यात सरकारने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून रुग्ण शोधत, त्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली हे आपण शाळेत शिकलो. घराघरांतून लोक आजारी माणूस लपवून ठेवत, हे त्या मानाने कमी सांगितले जाते.

ते आठवायचे कारण आपल्याच गेटवरचा बोर्ड. ५ एप्रिल २०२१ पासून ‘ब्रेक द चेन’चे कडक नियम आले. सोसायटीत पाचपेक्षा जास्त रुग्ण झाले तर ती सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र. गेटवर तसा फलक लावायचा, बाहेरच्यांना आत सोडायचे नाही, नियम मोडला तर पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड. आपला आकडा पाचावर येऊन थांबला! तो का थांबला हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणी खोकले की ‘हवा बदललीय हो’, एवढेच. दुसऱ्याच्या घरचा खोकला मात्र बरोबर ऐकू यायचा.

निर्बंध शिथिल करायचे की नाही यावर आपल्याकडे सरळ दोन तट होते. माझ्या वयाची मंडळी म्हणत, गेट बंद ठेवा, कामवाल्या बायका नकोत, पेपरसुद्धा खालीच ठेवा. तिशी-चाळिशीतली मंडळी म्हणत, काका, तुमचं पेन्शन एक तारखेला येतं, आमचं काय? त्यांचे खोटे नव्हते. मी बँकेत आयुष्य काढले, पगार दोन महिने थांबला की घराचे काय होते ते कर्जखात्यावर दिसते. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांना वाटले हप्ते माफ झाले. माफ नव्हते, फक्त वसुली थांबली होती. व्याज चालूच होते. मी जिन्यात उभा राहून निदान दहा जणांना हे समजावले असेल.

राज्यभर हाच वाद वेगवेगळी नावे घेऊन चालला. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पालख्या दोन वर्षे एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर दुपारी चार वाजता शटर ओढावे लागे म्हणून आपल्या खालचे दुकानदार हैराण, आणि लोकल बंद म्हणून डोंबिवलीकर हैराण. दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. माझे मत तेव्हाही उघडण्याच्या बाजूचे होते, आजही आहे.

पण आता त्या रकान्याकडे येतो. रोज संध्याकाळी आकडे यायचे: नवे रुग्ण, मृत्यू, बरे झालेले. ‘बरे झालेले’ म्हणजे कोण? केंद्राच्या ८ मे २०२० च्या धोरणानुसार सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला की सोडायचे, पुन्हा चाचणी नको. खाटा कमी होत्या, त्यामुळे नियम व्यवहाराला धरूनच होता. पण त्यात ‘बरा’ म्हणजे ‘खाते बंद’ एवढाच अर्थ होता. राज्यात सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू नोंदले गेले आणि सुमारे ८० लाख ‘बरे’ झाले.

त्या ऐंशी लाखांत आपल्या चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांच्या परवानगीने लिहितो, नाव नको म्हणाल्या. माध्यमिक शाळेत शिकवत. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना घरच्या घरी, सौम्य आजार झाला. दहा दिवसांनी ‘बऱ्या’. ऑनलाइन तास पलंगावर बसून घेत होत्या, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या तेव्हा कळले. सकाळची लोकल, शाळेचा जिना, मग आपले चार मजले, आणि आपल्याकडे लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांना पायरीवर बसावे लागे. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ. फळ्यावर लिहिता लिहिता साधा शब्द आठवायचा नाही. ग्रुपवर कोणीतरी ‘घरून कामाची सवय’ असे लिहून हसरा चेहरा टाकला. तो मेसेज अजून आहे.

त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची व्याख्या केली: आजारानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या निदानाने न उलगडणारी लक्षणे. धाप, थकवा, विसराळूपणा. म्हणजे बाईंना जे होत होते त्याला नाव मिळाले. आपल्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्येच कोविडनंतरच्या काळजीची पत्रिका काढली होती. त्यात योगासने, प्राणायाम, फिरणे, च्यवनप्राश होते. वाईट काही नाही, पण धाप लागणाऱ्या माणसाची रजा त्यातून मंजूर होत नाही. बाईंची रजा संपली, मग बिनपगारी, मग त्यांनी नोकरी सोडली. निर्बंध आणखी वर्षभर ठेवले असते तरी त्या बऱ्या झाल्या नसत्या. पण उघडायचे ठरवताना अशांसाठी सवड ठेवायला कोणी अडवले होते?

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्यापासून राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. त्या महिन्याच्या सभेत गेटवरचा सॅनिटायझरचा स्टँड काढण्याचा ठराव दोन मिनिटांत झाला. दुसरा विषय बाईंचा अर्ज: दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाक ठेवावा. त्यावर पाऊण तास चर्चा. जिना अडेल, आगीच्या वेळी अडचण, उद्या सगळे चपलांचे स्टँड बाहेर आणतील. शेवटी भिंतीला मिटणारी फळी बसवायचे ठरले. खर्च २,८०० रुपये, दुरुस्ती खात्यातून. व्हाउचरवर मी कारण लिहिले, ‘सभासदांच्या सोयीसाठी’. हल्ली भाजीच्या पिशव्या घेऊन येणारे सगळेच तिथे टेकतात. बाई आता घरी दोन मुलींची शिकवणी घेतात, एका वेळी अर्धा तास.