नळीचें तोंड

सांगलीनजीक कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर नांवाचें गांव आहे. तेथें हळद जमिनींतील पेवांत सांठवीत. पेव उघडल्यावर शहाणा हमाल तत्काळ आंत उतरत नसे. तें कांहीं तास तसेंच उघडें ठेवून मग दोरीला कंदील बांधून खालीं सोडीत, आणि तो विझला तर माणूस वरच थांबे. बंद पेवांत कर्बाम्लवायु सांचतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशीं बसतो. कंदील अर्ध्यावर धरून भागत नसे. तळ गांठावा लागे. विषारी अथवा ज्वालाग्राही वायु नेमका कोठें पारखावा, हा प्रश्न किती जुना आहे पाहा.

इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत हाच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहिला. तेथला मिथेन वायु हवेहून हलका, तो छताला जाऊन चिकटे. 25 मे 1812 रोजीं फेलिंग येथील खाणींत स्फोट होऊन 92 माणसें व मुलगे मेले. त्यानंतर तीन वर्षांनीं, 1815 सालीं, हंफ्री डेव्ही यांनीं तारेच्या जाळीचा दिवा केला. त्याच सुमारास क्लॅनी व स्टीफन्सन यांनींहि आपापले दिवे पुढें आणले. श्रेय कोणाचें यावर वाद पुष्कळ झाला, तो येथें नको. डेव्हीच्या दिव्याचा दुसरा उपयोग असा कीं, तो हळूहळू छताकडे नेला आणि ज्योतीवर निळसर टोपी दिसूं लागली, म्हणजे वायु आहे असें समजावें. पुढें हॉल्डेन यांच्या सल्ल्यानें कॅनरी पक्षी खाणींत नेऊं लागले, ते ब्रिटनमध्यें 1986 पर्यंत होते. परंतु दिवा काय किंवा पक्षी काय, तो घेऊन माणसालाच धोक्याच्या जागीं जावें लागे.

धोक्याची हवा दूर बसलेल्या यंत्राकडे ओढून आणावी, ही कल्पना नळीनें साध्य झाली. 1926-27 मध्यें कॅलिफोर्नियांतील एका तेल-कंपनींतले ऑलिव्हर जॉन्सन यांनीं ज्वालाग्राही वायु ओळखणारें विद्युत्-यंत्र सिद्ध केलें. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर वायु जळला कीं तारेचा विद्युत्-रोध वाढतो आणि कांटा हलतो. अशा यंत्राला नळी जोडून रबरी फुग्यानें अगर पंपानें नमुना ओढतां येतो.

हें ज्ञान सिद्ध झाल्यावर दहा वर्षांनीं जें घडलें, तें शिक्षक या नात्यानें मला शांतपणें सांगतां येत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत न्यू लंडन येथें मोठी शाळा होती. काटकसरीसाठीं तिनें 1937 च्या आरंभीं विकतचा वायु बंद करून तेलक्षेत्रांतील उरलासुरला वायु वापरण्यास घेतला. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो गळून इमारतीखालच्या बंद पोकळींत सांचला. मुलें डोकें दुखतें म्हणून तक्रार करीत. कोणाला त्याचा अर्थ उमगला नाहीं. 18 मार्च रोजीं दुपारीं तीननंतर हस्तव्यवसायाच्या शिक्षकानें लांकूड घासण्याच्या यंत्राची कळ दाबली आणि ठिणगीसरशी इमारत उडाली. सुमारें तीनशे जीव गेले. त्यांतील बहुतेक मुलें. नंतर वायूला मुद्दाम दुर्गंध देण्याचा कायदा तेथें झाला. आपल्या घरच्या सिलिंडरचा तो उग्र वासहि मिसळलेलाच असतो. परंतु जमिनीखालच्या पोकळींत नाक घेऊन कोण जाणार? तेथें नळीचेंच तोंड हवें होतें.

गेल्या वर्षीं एका वसतिगृहाच्या सिलिंडर-कोठींत असें यंत्र बसविलें. मला सहज पाहावयास नेलें, तों नमुन्याच्या नळीचें तोंड छताशीं! मीं विचारलें, तेव्हां कारागीर म्हणाला, "गुरुजी, वाफ वरच जाते ना?" मीं म्हटलें, "बाबा, चुलीची वाफ वर जाते. हा वायु हवेच्या दीड ते दोनपट जड. हा पेवांतल्यासारखा खालीं बसेल." बिचाऱ्यानें वाद घातला नाहीं. तोंड जमिनीपासून वीतभर उंचीवर आणलें.

मग हिशेब निघाला. कोठीपासून पहारेकऱ्याच्या खोलींतील यंत्रापर्यंत नळी 30 मीटर. आंतील व्यास 6 मिलिमीटर असेल तर तिच्यांत सुमारें 850 घनसेंटिमीटर हवा मावते. पंप मिनिटाला एक लिटर ओढीत असेल तर कोठींतली हवा यंत्रापाशीं पोंचावयास 51 सेकंद. व्यास दुप्पट केला तर हवा चौपट, म्हणून वेळहि चौपट, जवळजवळ साडेतीन मिनिटें. जाड नळी उदार दिसते, पण बातमी उशिरां देते. खोल खाणींत भूपृष्ठापासून अशाच नळ्यांचे जुडगे सोडतात. तेथें अंतर मैलांचें, बातमीला तासभरहि लागतो.

उत्सर्गाच्या नळीची कोणी चौकशीच करीत नाहीं. तपासून झालेली हवा पहारेकऱ्याच्या बंद खोलींत सोडली तर वायु त्याच्याच उशाशीं यावयाचा! म्हणून ती बाहेर, मोकळ्यावर, नमुन्याच्या तोंडापासून दूर नेली, आणि पाऊस आंत शिरूं नये म्हणून टोंक खालीं वळविलें. दोन्ही तोंडांना जाळी बसविण्याचें मात्र राहून गेलें होतें. महिन्यानें पाहिलें तों कुंभारमाशीनें बाहेरच्या टोंकांत मातीचें घर बांधून तें लिंपून टाकलेलें! यंत्राचा दिवा मात्र हिरवाच होता. दुसऱ्या दिवशीं जाळ्या बसविल्या, आणि दर सोमवारीं दोन्ही टोंकें पाहण्याचें काम पहारेकऱ्याच्या वहींत लिहून दिलें.