संगीत नाटकाचा नित्याचा प्रेक्षक

मराठी रंगभूमीचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो मुख्यतः नाटककारांचा व नटांचा इतिहास म्हणून लिहिला. हे स्वाभाविकच आहे; कारण नाटककाराची संहिता मागे उरते आणि नटाची कीर्ती उरते. परंतु ज्याच्या पदरच्या पैशावर नाटकमंडळ्या जगल्या आणि ज्याच्या ‘वन्समोअर’ने पदांचे आयुष्य ठरले, तो नित्याचा प्रेक्षक मात्र या इतिहासात कोठेच दिसत नाही. वास्तविक आपल्या परंपरेने त्याची उपेक्षा केलेली नव्हती. नाट्यसिद्धीचा विचार करताना भरतमुनींनी प्रेक्षक कसा असावा, त्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याची चर्चा नाट्यशास्त्रात केलेली आहे. प्रयोगाची सिद्धी प्रेक्षकावाचून पुरी होत नाही, हेच तिचे मर्म होय.

मुंबई-पुण्याच्या बाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर या उपेक्षेची दुहेरी झळ लागलेली आहे. आपली गावे म्हणजे नाटकमंडळ्यांच्या दौऱ्यातील नुसते मुक्काम, अशी समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी आहे, हे तारखा मांडून पाहू.

ज्यांनी संगीत नाटक जन्मास घातले, ते बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचा जन्म १८४३ चा. योगायोग असा की, त्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला. आणि भाव्यांना ती प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळावरून! किर्लोस्करांनी काही काळ बेळगावी शिक्षकाचे काम केले. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे शिक्षणही बेळगावीच झाले आणि तेथेच त्यांना किर्लोस्करांसारखे गुरू लाभले. शाळेच्या वर्गातून नाटककार घडावा, ही गोष्ट माझ्यासारख्या अध्यापकास विशेष अभिमानाची वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यास झाले, ही तारीख सर्वांस पाठ आहे. परंतु त्या नाटकात नवे काय होते? तोवर सूत्रधार सर्वांच्या वतीने पदे गात असे. किर्लोस्करांनी पात्रांच्या मुखी त्यांची त्यांची पदे घातली. शंभराहून अधिक पदे असलेले हे नाटक प्रेक्षकांनी आपलेसे केले, त्याचे एक कारण त्या चालींत आहे. साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणी, कीर्तनातील चाली आणि त्यांच्या जोडीला कानडी मुलखातील गोड चाली किर्लोस्करांनी घेतल्या. घरी मराठी व बाजारात कानडी बोलणाऱ्या प्रदेशात वाढलेल्या माणसासच हे सुचावे. मग १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले आणि त्याच सुमारास भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले. ज्यांच्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला, ते भाऊराव मूळचे बडोद्याचे.

पुढच्या तारखा अधिक बोलक्या आहेत. ‘संगीत शारदा’चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे झाला. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या दुष्ट रूढीवर मराठी रंगभूमीने उगारलेला हा पहिला प्रखर आसूड प्रथम पाहिला तो माळव्यातील मराठी प्रेक्षकांनी. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. पण नामसादृश्यामुळे मराठी माणसास त्यात आपल्या शारदेचेच नाव ऐकू आले. नाटकाचा ठसा किती खोल उमटला होता, याचे यापरते दुसरे प्रमाण नको.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापिली. त्या वेळी केशवरावांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. बालपणी शारदेच्या भूमिकेने गाजलेल्या या मुलाने स्वतःच्या मंडळीचा नारळ फोडण्यासाठी कानडी मुलखातील शहर निवडले! हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ मराठी संगीत रंगभूमीवर गाजले आणि ‘सवाई गंधर्व’ झाले. त्यांची मातृभाषा कानडी, पण त्यांच्या गाण्यास मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. आज सीमेच्या दोन्ही बाजूंस भाषेवरून जी कटुता दिसते, तिला नाट्यगृहाच्या दारात तेव्हा प्रवेश नव्हता, हे आपण विसरता कामा नये.

आणि बडोदे! गंधर्व नाटक मंडळीस सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. २० फेब्रुवारी १९१९ रोजी ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आले ते बडोद्यास. नाटककार राम गणेश गडकरी त्यापूर्वी एक महिनाही झाला नव्हता तोच, २३ जानेवारीस, निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचून दिली होती. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू बडोदेकरांनी पाहिली; पाहू शकला नाही तो एकटा नाटककार. उंची शालू नेसून रसिकांस मोहविणारे बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षकांनी त्या दारिद्र्यावरही तितकेच प्रेम केले.

गोमंतकाचे देणे निराळ्या जातीचे. तेथे नाटक हे देवळाच्या उत्सवाचे अंगच होते. जत्रेच्या रात्री गावकऱ्यांनीच रंग लावावा व गावानेच ते पाहावे, अशी रीत असल्यामुळे नट आणि प्रेक्षक यांच्यातील भिंत तेथे मुळातच पातळ होती. १९१८ साली ‘बळवंत संगीत मंडळी’ उभारणारे दीनानाथ मंगेशकर हे मंगेशीचे; पुढे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांच्या संगीताने नाट्यपदास नवे रूप देणारे जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच.

तथापि, यावरून भलताच निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मंडळ्या फिरत्या होत्या. तालमी जेथे पुऱ्या होत तेथे पहिला प्रयोग लागे. नाटकाचे द्रव्यबळ अखेर मुंबई-पुण्यावरच अवलंबून असे. परंतु नव्या नाटकाची पहिली परीक्षा ज्याच्या हाती निःशंकपणे सोपवावी, असा प्रेक्षक या गावांत होता, इतके तरी या तारखांवरून निश्चित ठरते.

तो प्रेक्षक कसा होता? माझ्या विद्यार्थिदशेत, म्हणजे १९८० नंतरच्या वर्षांत, आमच्या गल्लीत एक वृद्ध कारकून राहत असत. तरुणपणी गावात मंडळी उतरली की मुक्काम हालेपर्यंत एकही खेळ न चुकविणारे ते गृहस्थ. त्यांच्या आठवणींत कथानकास फारसे स्थान नव्हते. ते त्यांना तोंडपाठच होते. कोणत्या रात्री कोणते पद कसे चढले, थिरकवाँचा तबला व कादरबक्षांची सारंगी बालगंधर्वांच्या तानेमागे कशी धावली, तिसऱ्या ‘वन्समोअर’ला कोणती नवी जागा निघाली, याचाच हिशेब ते मांडीत. रात्री सुरू झालेला खेळ पहाटे संपे आणि हे तसेच अंघोळ उरकून कचेरीत जात. त्यांना रागांची नावे शाळेत कोणी शिकविली नव्हती. भीमपलास आणि यमन यांची ओळख त्यांना पिटातील बाकावर झाली. पायपेटीच्या सुराबरोबर कान तयार होत गेला. आमच्या गावोगावच्या कारकुनांस, मास्तरांस व दुकानदारांस अभिजात संगीताची दीक्षा दिली ती या नाट्यगृहांनी.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि पाहता पाहता हे चित्र पालटले. १९३४ मध्ये दीनानाथांनी ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा बोलपट काढला. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त चमकले. जेथे मंडळ्यांचे तळ पडत, तेथे पांढरे पडदे लागले. प्रेक्षक तोच होता. पण पडद्यावरील गायकास ‘वन्समोअर’ देता येत नाही. त्याच्या हातची ती सत्ता गेली, आणि तिच्याबरोबर त्याची जबाबदारीही गेली.

त्या वृद्ध गृहस्थांपाशी हँडबिलांचा एक गठ्ठा आणि पदांच्या वह्या होत्या. कोणत्या पदास कोणत्या रात्री किती वेळा टाळी पडली, याच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांच्या निधनानंतर ते सारे रद्दीत गेले. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या कागदांना काही मोल आहे, असे त्यांना आपणापैकी कोणीच कधी सांगितले नव्हते. नटांनी आपली आत्मचरित्रे लिहिली. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ आपणापाशी आहेत. प्रेक्षकाचे आत्मचरित्र मात्र अशा समासांतच लिहिलेले असते.

म्हणून या परिषदेच्या सभासदांस व विशेषतः माझ्या अध्यापकबंधूंस विनंती अशी की, आपापल्या गावी जुन्या घरांतील ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. बालगंधर्वांचे निधन १९६७ चे; त्यांस रंगभूमीवर ऐकलेले कान आता बहुधा उरले नाहीत. पण अभिषेकींची पदे पहिल्या काही प्रयोगांत ऐकलेले रसिक अद्याप आपणांत आहेत. शाळेतील मुलांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे, विचारावे आणि उतरवून घ्यावे. हे काम पाच-दहा वर्षांनी करू म्हटल्यास होणार नाही.