कागद वाळवलेल्या भिंती

जुन्नरच्या आमच्या घरातलं माजघर भर वैशाखातही गार असतं. त्याच्या भिंती घरासाठी बांधलेल्याच नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्या कागदासाठी होत्या.

जुन्नरी कागद हा एके काळी दौलताबादी कागदासारखाच नावाजलेला. तो करणारी आम्ही मुसलमान घरं, आडनावच कागदी. जुनं गोणपाट, दोरखंड यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायानं चालवायच्या लाकडी घणाखाली कुटायचे, नदीवर धुवायचे. मग तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलायचा. ओला ताव चुन्याचा गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवायचा. वाळला की खळ लावून दगडानं घोटायचा. पुढं यंत्राचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. पणजोबांनी हौद बुजवला, त्यावर चूल मांडली. कारखान्याचं घर झालं. याला कुणी मोठं नाव दिलं नाही; दुसरं बांधायला पैसा नव्हता, एवढंच.

चाचा मुंबईला गिरणीत गेले. जुन्नर-आंबेगावातली बरीच माणसं तेव्हा तिकडंच जात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चाचा परत आले आणि याच माजघरात शेवटपर्यंत राहिले. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला, असा नियम 1991 मध्ये झाला. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. काही गिरण्यांत मॉल आणि कचेऱ्या आल्या, कित्येक पाडून मनोरे उभे राहिले. जुन्या भिंती राखून आत कामगारांची घरं केलेली मला तरी कुठं दिसली नाहीत. व्हिएन्नात 1899 पर्यंत उभारलेल्या गॅसच्या चार अवाढव्य टाक्यांच्या विटांच्या भिंती तशाच ठेवून 2001 मध्ये आत सहाशेच्या आसपास घरं झाली.

भिंत राखण्यात फायदा कसला? विटेत भट्टीचा कोळसा जळालेला असतो. सिमेंट करताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. उभी भिंत पाडली की नवीसाठी तो सगळा खर्च पुन्हा.

हे मी धाकट्या भावाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "भाईजान, पाऊस तुमच्या कवितेत पडत नाही, माझ्या अंथरुणावर पडतो. पाडू या, स्लॅब टाकू." त्याचं चुकत नव्हतं. कौलं गळायची, दिवसाही दिवा लावावा लागे. शेवटी तडजोड झाली. कौलं उतरवून खाली फळ्या घातल्या, अंगणाकडं दोन खिडक्या फोडल्या, पाणी तापवायला वर सौरबंब बसवला. गवंड्यानं एका भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. दगडमातीतली ओल आतच कोंडली, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले. तो खरवडून पुन्हा चुना केला, तेव्हा ती वाळली. मे महिन्यात भाऊ आता पंखा मंद करून तिथंच झोपतो.

मागची भिंत मात्र पोटात फुगली होती, ती पाडावीच लागली. तिचे दगड परसातल्या जोत्याला लावले.