बेपत्ता व्यक्तींच्या माहितीची देवाणघेवाण (येरवडा)

घरच्यांनी एका गावात दिलेली मिसिंगची तक्रार आणि दुसऱ्या गावात सापडलेल्या अनोळखी माणसाची नोंद यांचा मेळ घालण्यासाठी पोलीस, रुग्णालये, दंडाधिकारी व बालकल्याण समित्या यांच्यात चालणारा माहितीव्यवहार. पुण्यातील येरवडा येथे प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने या व्यवहारात त्या भागाला विशेष महत्त्व आहे.

मनोरुग्णालय : येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये. येरवड्याची मंजूर क्षमता २,५४० खाटांची. रस्त्यावर फिरताना आढळलेले अनेक रुग्ण येथे पोलिसांमार्फत येतात. त्यांत परप्रांतीयही असतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार मानसिक आजार असलेल्या अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. ती बेघर किंवा भटकत असलेली असल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून प्रथम खबर नोंदवणे आणि कुटुंबाचा शोध घेऊन त्यांना कळवणे ही ठाणे अंमलदाराची जबाबदारी आहे.

खरी अडचण नोंदींच्या स्वरूपात आहे. घरच्यांच्या तक्रारीत नाव, वय, पत्ता असतो; दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावर पुष्कळदा ‘अनोळखी’ एवढेच. उपचारांनी आजार उतरू लागला की रुग्ण गावाचे, नदीचे, शाळेचे किंवा भावाचे नाव सांगतो. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक त्यावरून तालुका ओळखतात, तेथील पोलीस ठाण्याला फोन करतात. रुग्णाची बोली जाणणारा कर्मचारी मिळाला तर शोध पुष्कळ सोपा होतो. या संथ, चिकाटीच्या कामाची दखल संगणकीय प्रणालींच्या वर्णनांत क्वचितच घेतली जाते. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवण्याचे असेच काम केले. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गोपनीयता : याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. त्यामुळे शोधाचा भार सरकारी यंत्रणांमधील थेट संपर्कावर येतो.

बालके : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा लागतो. ट्रॅकचाइल्ड, खोया-पाया (२०१५) ही संकेतस्थळे व ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहिमा हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी सुरू झाल्या.

मृतदेह : बेवारस मृतदेहाची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते; मिसिंगच्या तक्रारींशी तीही जुळवून पाहावी लागते.

आधार : नवी नोंदणी करताना जुनी नोंद आढळून हरवलेली व्यक्ती घरी परतल्याची उदाहरणे आहेत. मात्र बोटांचे ठसे वा बुबुळांची माहिती शोधासाठी इतरांना देण्यास आधार कायद्याची मनाई आहे.

मूल्यमापन : पोलीस ठाणी सीसीटीएनएस (क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टम्स) या संगणकीय प्रणालीने जोडलेली आहेत. तरीही दाखल करतेवेळची ‘अनोळखी’ ही नोंद तशीच राहिली, तर परराज्यातील तक्रारीशी ती जुळत नाही. म्हणून रुग्णाला आठवलेला प्रत्येक तपशील वॉर्डातून पोलीस ठाण्यात आणि ठाण्यातून प्रणालीत वेळच्या वेळी पोचणे अत्यावश्यक आहे. बरा झालेला माणूस घरी जाणार की रुग्णालयातच राहणार, हे बहुतांशी त्यावर ठरते.