आर-५, आर-६ आणि एस-४ : लिनाते विमानतळावरील एक सकाळ

विमानप्रवासातला धोका आकाशात असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. पण नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात जमिनीवर झाला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या विमानतळावर, धुक्यात, दोन जंबो जेट धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्या अपघातावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज सांगायचे आहे ते त्यानंतर चोवीस वर्षांनी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर जे घडले त्याविषयी. कारण तिथे वैमानिकाने आपण कुठे आहोत हे बरोबर सांगितले होते, आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाही.

तारीख ८ ऑक्टोबर २००१, सकाळी आठचा सुमार, दाट धुके. कोपनहेगनला निघालेले स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ विमान ११० जणांना घेऊन उड्डाणाच्या तयारीत होते. विमानतळाच्या पश्चिमेकडील फलाटावर, जिथे खासगी विमाने उभी असतात, तिथून एक छोटे सेस्ना विमान पॅरिसला निघाले. त्यात चौघे होते. दोन्ही वैमानिक जर्मन. इतक्या कमी दृश्यमानतेत उडण्याची पात्रता त्यांच्याकडे नव्हती, पण ते विचारण्याची व्यवस्थाही कुठे नव्हती.

त्या पश्चिम फलाटावरून निघाले की फाटा लागतो. एक रस्ता उत्तरेकडे वळून धावपट्टीच्या टोकापलीकडून वळसा घेतो, तो आर-५. दुसरा दक्षिणेकडे जाऊन धावपट्टी सरळ ओलांडतो, तो आर-६. फाट्यावर उभी पाटी नाही; जमिनीवर रंगाने काढलेल्या खुणा, त्याही झिजलेल्या. धुक्यात विमानाच्या खिडकीतून खालची पुसट रेघ वाचत जायचे, म्हणजे अनोळखी गावात रात्री दुकानांच्या पाट्या चाचपत पत्ता शोधण्यासारखे.

नियंत्रकाने सेस्नाला आज्ञा दिली : उत्तरेकडे, आर-५ ने, आणि मुख्य धावपट्टीच्या ‘विस्तारा’पाशी थांबून कळवा. विमानवाहतुकीचा नियम असा की ऐकलेली आज्ञा वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, आणि नियंत्रकाने ती ताडून पाहायची. सेस्नाच्या वैमानिकाने ती म्हटली, पण त्यातून दोन शब्द गळाले : ‘उत्तरेकडे’ आणि ‘विस्तार’. मुख्य धावपट्टीपूर्वी कळवतो, एवढेच उरले. गळालेल्या या दोन शब्दांतच सगळा फरक होता. पण ‘आर-५’ हे नाव बरोबर आले, तेवढ्यावर नियंत्रकाचे समाधान झाले. मग विमान आर-६ वर वळले.

पुढे जाता जाता वैमानिकाने कळवले की आपण एस-४ जवळ येत आहोत. हे खरे होते. आर-६ वर, धावपट्टीच्या अलीकडे, जमिनीवर ‘एस-४’ रंगवलेले होते आणि त्याने ते वाचले होते. पण नियंत्रकाच्या नकाशात एस-४ नावाची खूणच नव्हती. कधीकाळी कोणी तरी ती रंगवली, नकाशात उतरवायचे राहिले, आणि टॉवरमधल्या माणसांना ती ठाऊकच नव्हती. नियंत्रकाने जागा पुन्हा विचारली, उत्तर पुन्हा तेच आले. आर-५ वर असल्याचे गृहीत धरून त्याने सेस्नाला पुढे मुख्य फलाटाकडे जायला सांगितले. जमिनीवर लिहिलेले आणि कागदावर छापलेले यांचा मेळ नसला की खरे बोलणेही वाया जाते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

इकडे एमडी-८७ ला उड्डाणाची परवानगी मिळाली होती, पण वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. दोन्ही विमाने एकमेकांचे बोलणे ऐकत नव्हती. शिवाय इटालियन वैमानिकांशी नियंत्रक इटालियनमध्ये बोलत आणि बाकीच्यांशी इंग्रजीत. ज्यांना ती भाषा येत नाही, त्यांच्या कानांवर आजूबाजूच्या हालचालींचा निम्मा वृत्तान्त नुसता आवाज म्हणून पडायचा. घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली गोम वेगळी समजवायला नको.

८ वाजून १० मिनिटांनी, चाके जमीन सोडण्याच्या क्षणी, एमडी-८७ समोर आलेल्या सेस्नावर आदळले. काही सेकंद ते हवेत राहिले, मग धावपट्टीच्या टोकाजवळील सामानाच्या इमारतीत घुसले. दोन्ही विमानांतील सर्व ११४ आणि इमारतीतील चार कामगार, असे ११८ जण गेले.

जमिनीवरच्या विमानांवर नजर ठेवणारे जुने रडार १९९९ पासून बंद होते; नवे मागवलेले होते, पण बसवून चालू झाले नव्हते. धावपट्टीवर कोणी शिरले तर इशारा देणारी यंत्रणाही आधीच निकामी केलेली होती. पुढे खटले चालले, नियंत्रकालाही शिक्षा झाली. मला ते अर्धवट वाटते. त्याची चूक होती, पण त्याला जो नकाशा दिला तोच अपुरा होता. इटलीच्या चौकशी मंडळाचा २००४ चा अहवालही वैमानिकाच्या वळणावर न थांबता पाट्या, खुणा, रडार, कामाच्या पद्धती यांच्याकडे बोट दाखवतो.

तेनेरिफनंतर शब्दांची शिस्त कडक झाली होती. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. नुसते ‘ओके’ चालत नाही. लिनातेने दाखवले की शब्द ठरवूनही भागत नाही, त्या शब्दाची जागा दोघांच्या नकाशात एकच असावी लागते. भाषेबाबत मात्र आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ मध्ये नियम केला. त्यामागे १९९६ मधील चरखी दादरीचा, ३४९ जणांचा बळी घेणारा अपघातही होता. वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीला सहा पायऱ्या लावल्या गेल्या. निदान चौथी हवी, आणि त्या पायरीवरच्या माणसाची परीक्षा दर तीन वर्षांनी पुन्हा व्हावी. स्थानिक भाषेवर मात्र बंदी आलेली नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन भाषा चालणारे विमानतळ आजही आहेत.